टाचण

रविवार. लाईट गेलीय, टाचणवही उघडी.
इयत्ता चौथी. घटक: दिशा आणि नकाशा. तासिका चार.
साहित्य, इथं मी दरवर्षी लिहिते:
पृथ्वीचा गोल, होकायंत्र.
गोलाचा आस तुटलाय. हेडमास्तरांच्या कपाटावर
तो हजेरीपटांना टेकू देऊन बसलाय.
होकायंत्र एकच,
आणि त्याची सुई लोखंडी टेबल दिसलं
की उत्तर विसरते.

खोडते. लिहिते: खडू, सुतळी, पाय.

पहिली तासिका.
उत्तर कुठं, विचारलं की मुलं
पंख्याकडे बोट करतात.
चूक माझीच, नकाशा भिंतीवर टांगते मी.
उद्या तो फरशीवर अंथरायचा, चादरीसारखा,
चारी कोपरे पोरांनी धरून,
आणि भिंतींवर खडूनं गावं:
फळ्यावर तुळजापूर, दारावर हैदराबाद,
खिडकीखाली विजापूर,
दप्तरं टांगतो त्या भिंतीवर मंगळवेढा.
"विजापूरकडे तीन पावलं चला."
घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कानडी, कुणी उर्दू,
पाय सगळ्यांचे एकाच फरशीवर.
बसलिंग तरी हैदराबादला धडकणारच.

दुसरी तासिका: अंतर.
शुक्रवारी सहज मोजायला लावलं,
नळापासून फाटकापर्यंत.
बसलिंगची एक्केचाळीस पावलं,
तय्यबाची सत्तावन्न.
"तुझे पाय बारके आहेत बे."
"मग शाळा मला मोठी आहे, तुला छोटी."
घंटा झालेली कुणाला ऐकू आली नाही.
म्हणून वहीत, ठळक:
भांडण मिटवू नये.
सुतळी दुसऱ्या दिवशी काढावी.

तिसरी. चौकटींवरून जागा सांगणे.
हे मला दरसाल जमत नाही.
व्यंकटेश येमुल, शेवटचा बाक,
धडा वाचताना जोडाक्षराला अडखळतो, थांबतो, थांबूनच राहतो.
वडील चादरीची नक्षी काढतात, बारीक चौकटींच्या कागदावर.
परवा मी विचारलं, काय बघतोस रे खिडकीबाहेर?
तर म्हणाला, मोराचा डोळा चुकला होता बाई.
उभी बारा, आडवी सात पाहिजे,
पप्पांनी आठ रंगवली.
एक घर चुकलं तर सगळ्या चादरींतले मोर
वेडं बघतात.

त्या दिवशी मी सुमारे एक तास गप्प होते.
नियोजन: व्यंकटेशच्या वडिलांकडून रद्दीचे कागद मागवणे.
खडू त्याच्या हातात देणे.
मी शेवटच्या बाकावर बसणे.

चौथी. आपल्या गल्लीचा नकाशा, खुणा आणि सूची.
इथं पेन थांबतं.
लावण्या गुंडेटीनं आधीच काढून आणलाय:
घर, मारुतीचं देऊळ, आई विड्या द्यायला जाते तो कारखाना,
पिसाळलेलं कुत्रं असतं ती बोळ (लाल रंगात),
आणि मधोमध, सगळ्यांहून उंच,
गिरणीची चिमणी.

चिमणी पाडली तेव्हा लावण्या जन्मलीही नव्हती.
लाल पेन्सिल मी टेकवली होती कागदाला.
"पण आजोबा रिक्षावाल्याला सांगतात ना बाई,
चिमणीपासून डावीकडं.
रिक्षावाला बरोबर वळतो."

देवळाला खूण आहे, विहिरीला आहे,
पुलाला, रेल्वेला, पोस्टाला आहे.
पुस्तकाची सूची मी दोनदा चाळली.
आणि आठवलं, नवीन आलेल्या गायकवाड सरांना
फोनवर मीच सांगितलं होतं,
चिमणीपाशी उतरा.
ते बिचारे वीस मिनिटं उभे होते आभाळाकडे बघत.

पेन्सिलचा टिंब राहिलाय तिच्या कागदावर.
खोडरबरानं जात नाही.

लाईट आली. खालच्या माळ्यावर माग सुरू झाले,
टेबल थरथरतंय, अक्षर हलतंय.
मूल्यमापनाच्या रकान्यात छापील वाक्य असतं:
विद्यार्थी अचूक नकाशा काढतो.
मी ते अजून उतरवलेलं नाही.
त्याखाली लिहिलंय:
सूचीत एक ओळ कोरी ठेवणे, मुलांना विचारून भरणे.
खडू दोन पेट्या. रंगीत.
पैसे माझे.